गळकी खिडकी आणि हलणारी काच

शिडाच्या जुन्या बोटी विकत घेताना काय तपासावे याविषयी या सदरात पूर्वी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे केबिनच्या न उघडणाऱ्या, कायमच्या बसवलेल्या खिडक्यांविषयी होती, म्हणून या वेळी सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. बोटीच्या खिडकीत बहुधा काच नसते, ॲक्रिलिक नावाचे पारदर्शक, कडक प्लास्टिक असते. तरी बोलताना आपण सगळे तिला काचच म्हणतो आणि पुढे मीही तसेच म्हटले आहे. जिथे खरी काच अभिप्रेत आहे तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे.

प्रश्न : आम्ही उभयता बरीच वर्षे इंग्लंडमध्ये पोर्ट्समथजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही १९७४ साली बांधलेली वेस्टर्ली सेंटॉर ही शिडाची बोट घेतली. डावीकडच्या मोठ्या खिडकीखालची गादी प्रत्येक पावसानंतर भिजते. खिडकी सुमारे ९० सेंटिमीटर लांब असून तिची चौकट ॲल्युमिनियमची आहे आणि काचेभोवतीचे रबर कडक झाले आहे. बाहेरून तीन वेळा सीलंट (फटी बुजवणारा, वाळून रबरासारखा होणारा पदार्थ) लावून पाहिले, पण गळती जागा बदलते, थांबत नाही. चौकट काढावी का? काढताना ती वाकेल किंवा मोडेल अशी भीती वाटते.

उत्तर : गळती जागा बदलते असे आपण लिहिले आहे, त्यातच निम्मे निदान आले. अशा खिडकीला एक नव्हे, दोन सांधे असतात. पहिला सांधा काच आणि चौकट यांच्यामधला, जिथे आपले कडक झालेले रबर आहे. दुसरा चौकट आणि बोटीची भिंत यांच्यामधला, जो बाहेरून दिसतच नाही. आपण तीन वेळा जी सीलंटची रेघ ओढली ती दुसऱ्या सांध्याच्या बाहेरच्या कडेवर. पाणी मात्र बहुधा पहिल्या सांध्यातून, म्हणजे रबर आखडून कोपऱ्यात जी फट पडते तिथून, चौकटीच्या पन्हळीत उतरते. काही चौकटींना हे पाणी बाहेर सोडण्यासाठी खालच्या कडेला बारीक छिद्रे ठेवलेली असतात. उत्साहाच्या भरात तीच बुजवली गेली की पाण्याला आत येण्यावाचून गत्यंतर राहत नाही आणि ते पन्हळीतून वाट काढत जिथे उतार मिळेल तिथे टपकते. गच्चीची गळती आणि छतावरचा डाग यांचा मेळ बसत नाही हे ज्याने चाळीतल्या वरच्या मजल्यावर पावसाळे काढले आहेत त्याला वेगळे सांगायला नको.

तेव्हा चौकट काढावी, आणि ती काढल्याशिवाय नवी काच मागवू नये. सेंटॉरच्या बाबतीत एक दिलासा असा की ही बोट दोन कीलांवर, म्हणजे बुडाखाली पात्यांसारख्या उतरलेल्या दोन कण्यांवर, उभी राहते. ओहोटीला चिखलावर किंवा अंगणात ती सरळ उभी असते, त्यामुळे डगमगत्या तराफ्यावरून हे काम करण्याची वेळ येत नाही. १९६९ ते १९८० या काळात अशा दोन हजारांहून अधिक बोटी बांधल्या गेल्या. एवढ्या संख्येमुळे इंग्लंडमध्ये या चौकटींचे रबर आणि सुटे भाग मिळवणे तुलनेने सोपे जाते. एखाद्या दुर्मीळ बोटीच्या मालकाला ही चैन नसते.

स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियमच्या चौकटीत पन्नास वर्षे खाऱ्या हवेत राहिला की दोन धातूंमध्ये पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू सुटत नाही. आदल्या दिवशी प्रत्येक स्क्रूच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे. दुसऱ्या दिवशी खाचेत नेमका बसणारा पेचकस घ्यावा आणि सोडवण्याआधी स्क्रू किंचित आवळण्याच्या दिशेने फिरवून पाहावा. त्या लहानशा हिसक्याने पुष्कळदा भुकटीची पकड सुटते. तरीही न सुटणाऱ्या स्क्रूचे डोके ड्रिलने उडवावे आणि तेवढ्यापुरता हट्ट सोडून द्यावा. खाच गेलेल्या स्क्रूवर अर्धा तास झगडताना पेचकस निसटतो आणि चौकटीवर कायमचा ओरखडा उमटतो.

स्क्रू निघाले तरी चौकट हलणार नाही, कारण जुने सीलंट तिला धरून ठेवते. इथे घाई महाग पडते. एका कोपऱ्यात पटाशी घालून उचकटली की ती लांब, पातळ चौकट वाकते, आणि एकदा वाकलेली चौकट कितीही ठोकली तरी पुन्हा भिंतीला सपाट बसत नाही. लांबी (पुट्टी) भरण्याचे पातळ पाते, उदाहरणार्थ रंगाऱ्याची पट्टी, चौकटीखाली सगळीकडून थोडे थोडे सरकवत जावे, मागोमाग लाकडाच्या लहान पाचरी घालत जाव्यात आणि उरलेले सीलंट बारीक तारेने करवतीसारखे मागेपुढे ओढून कापावे. एका खिडकीला दोन तास लागले तर ते वाया गेले असे समजू नये. सगळ्या खिडक्या एकाच दिवशी काढण्याचा मोह मात्र टाळावा. एक काढावी, भोकावर प्लायवूड व प्लास्टिक लावावे, ती पूर्ण करावी आणि मग दुसरीकडे वळावे. डावी चौकट उजवीकडे बसत नाही आणि स्क्रूंची लांबीही सर्वत्र सारखी नसते. पुठ्ठ्यावर खिडकीचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवला की आठवड्याने डोके खाजवावे लागत नाही.

चौकट निघाल्यावर आपल्याला जे दिसेल त्याची थोडी कल्पना देतो. वेस्टर्लीच्या बोटींना आतून फोम लावलेल्या व्हिनाइलचे अस्तर असते आणि त्याची कड खिडकीच्या आतल्या बाजूस दाबलेली असते. पन्नास वर्षांत त्या फोमची पिवळी पूड होते आणि अस्तर लोंबू लागते. या बोटींच्या मालकांची ही सार्वत्रिक तक्रार आहे. फोम पाणी स्पंजासारखे शोषतो. त्यामुळे आपली गळती थांबल्यावरही महिनाभर गादी ओली राहिली तर नव्या खिडकीला दोष देऊ नये, जुने पाणी अजून उतरत असते. अस्तर बदलायचेच असेल तर खिडकी निघालेली असताना बदलावे, कारण पुन्हा तेवढ्यासाठी चौकट काढण्याचा धीर कोणालाच होत नाही.

आता माप. जुनी काच नमुना म्हणून जपून ठेवावी, पण तिच्या मापावर डोळे झाकून विसंबू नये. चौकटीच्या पन्हळीचे आतले माप स्वतः घ्यावे. ॲक्रिलिक तापल्यावर दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढते, ॲल्युमिनियम सुमारे ०.०२३ मिलिमीटर. हिवाळ्यातली पहाट आणि जुलैतली कडक दुपार यांत काचेच्या तापमानात ५० अंशांचा फरक धरला तर आपली ९० सेंटिमीटरची काच सुमारे ३ मिलिमीटर वाढेल आणि चौकट जेमतेम १ मिलिमीटर. उरलेल्या २ मिलिमीटरला जागा हवी, नाहीतर काच कमानीसारखी फुगते, रबर बाहेर ढकलते आणि थंडीत परत आखडताना कोपऱ्यात फट सोडते. म्हणून प्रत्येक टोकाला दीड ते दोन मिलिमीटर मोकळी सोडावी. याउलट रबर किंचित जास्त लांब कापावे आणि ढकलत, दाबत बसवावे. ताणून बसवलेले रबर पहिल्याच हिवाळ्यात आखडते आणि दोन टोकांमध्ये बोटाएवढी फट उघडी पडते. हा सांधा वरच्या कडेच्या मध्यावर घ्यावा, खालच्या कोपऱ्यात कधीही नाही.

चौकट भिंतीवर परत बसवण्यासाठी मी स्वतः ब्यूटिलची (मऊ, चिकट रबराची) पट्टी वापरतो. ती कधीच वाळत नाही, धातूला आणि फायबरग्लासला घट्ट चिकटते आणि दहा वर्षांनी कोणाला चौकट काढायची वेळ आली तर सुटतेही. चौकटीखाली लपलेली असल्याने तिला ऊन लागत नाही. फक्त ती एका दमात आवळू नये. स्क्रू क्रमाने, समोरासमोरचे, हळूहळू आवळावेत. पट्टीची कड सगळीकडून बाहेर डोकावली की थांबावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव फेरा द्यावा आणि असे तीन-चार दिवस करावे. बाहेर आलेली पट्टी प्लास्टिकच्या पात्याने कापून टाकावी. स्टीलचे स्क्रू ॲल्युमिनियममध्ये परत घालताना टेफ-जेलसारखे दोन धातू वेगळे ठेवणारे मलम लावायला विसरू नये. पुढच्या मालकाचे दुवे मिळतील.

तपासणीसाठी पाण्याची नळी घ्यावी, पण आधी खालच्या कडेवर पाच मिनिटे, मग बाजूंवर आणि शेवटी वर धरावी. आधीच वरून पाणी सोडले तर ते सगळीकडे ओघळते आणि गळती कोणत्या सांध्याची हे कळत नाही. आत बसणाऱ्याच्या हाती विजेरी आणि टिपकागद असावा. उभयता आहात, तेव्हा नळी कोणी धरायची हे आधी ठरवून घ्यावे.

प्रश्न : मी अमेरिकेत मेरीलँडमध्ये असतो आणि ॲनापोलिस येथे माझी १९८०च्या दशकातली तीस फुटी बोट आहे. केबिनच्या खिडक्यांत आतून असंख्य बारीक रेषा दिसतात, उन्हात तर आरपार काही दिसत नाही. मित्र म्हणतात, ॲक्रिलिक सोडून पॉलिकार्बोनेट हे दुसरे पारदर्शक प्लास्टिक बसव, ते फुटतच नाही. हा सल्ला घ्यावा का? आणि काच घरी कापता येईल का?

उत्तर : मित्रांचे म्हणणे खोटे नाही. पॉलिकार्बोनेटवर हातोडा मारला तरी ते सहसा फुटत नाही. पण केबिनच्या बाजूच्या खिडकीवर कोणी हातोडा मारत नाही. तिथे मारा होतो तो उन्हाचा, पुसणाऱ्या फडक्याचा आणि क्वचित लाटेचा. पॉलिकार्बोनेट मऊ असल्याने लवकर ओरखडते आणि त्यावरचा संरक्षक थर झिजला की उन्हाने पिवळे व धूसर होते. लाटेच्या बाबतीतही एक गोष्ट विसरली जाते. ते ॲक्रिलिकच्या सुमारे पाऊणपटच ताठ असते, म्हणजे तेवढ्याच जाडीची काच तेवढ्याच दाबाखाली जास्त वाकते, आणि चौकटीची पकड उथळ असेल तर फुटण्याऐवजी ती अखंडच्या अखंड चौकटीतून निसटून आत येऊ शकते. न फुटलेल्या काचेसह केबिनमध्ये शिरलेला समुद्र तेवढाच ओला असतो. जिथे वरून माणूस पाय देतो किंवा अवजार पडते अशा ठिकाणी पॉलिकार्बोनेटचा विचार जरूर करावा. आपल्या बाजूच्या खिडक्यांसाठी ॲक्रिलिकच घ्यावे, आणि तेही कास्ट म्हणजे साच्यात ओतून घडवलेले. दाबून काढलेल्या स्वस्त पत्र्यात अंतर्गत ताण अधिक असतो. कापताना तो कडेला वितळून चिकटतो आणि पुढे लवकर तडकतो.

आपण ज्या बारीक रेषा म्हणता त्या ओरखडे नाहीत. नख फिरवून पाहावे. नख अडकत नसेल आणि तरी रेषा चमकत असतील तर त्या काचेतच पडलेल्या सूक्ष्म चिरा आहेत. वर्षानुवर्षांचे ऊन, जबरदस्तीने आवळलेले बोल्ट आणि चुकीचे क्लीनर हे तिघे मिळून त्या घडवतात. अमोनिया असलेले घरगुती काच पुसण्याचे द्रव आणि ॲसिटोन ही दोन्ही ॲक्रिलिकची शत्रू आहेत. काच ताणाखाली असेल तर ॲसिटोनच्या एका फडक्याने काही मिनिटांत चिरांचे जाळे उमटते. साबणाचे कोमट पाणी आणि मऊ सुती फडके यापलीकडे रोज काही लागत नाही. चिरा पडलेली काच कमकुवत झालेली असते, ती बदलावीच. जाडी जुन्या काचेपेक्षा कमी करू नये. वाढवायची असेल तर चौकटीची पन्हळ ती घेऊ शकते का हे आधी पाहावे.

घरी कापता येते, पण मी दुकानातून कापून आणण्याचा सल्ला देईन. एक पत्रा वाया गेला की कापणावळ वाचवण्याचा सगळा हिशेब उलटतो. तरीही हौस असेल तर संरक्षक कागद काढू नये, जिगसॉला बारीक दातांचे पाते लावावे, पत्रा दोन्ही बाजूंनी टेबलाला घट्ट धरावा आणि रेषेच्या दोन मिलिमीटर बाहेरून कापून उरलेले घासून काढावे. कडेला राहिलेली प्रत्येक खाच ही उद्याच्या तड्याची सुरुवात असते, म्हणून कडा पॉलिश पेपरने हाताला गुळगुळीत लागेपर्यंत घासाव्यात आणि कोपरे गोल ठेवावेत.

भोके पाडताना अनुभवी माणसेही फसतात. लोखंडासाठी घासलेले ड्रिल ॲक्रिलिकमध्ये स्क्रूसारखे घुसते आणि पलीकडे बाहेर पडताना काचेचा टवका उडवते. ड्रिलची कापणारी धार सहाणेवर किंचित सपाट करून घ्यावी, म्हणजे ती खोदण्याऐवजी खरवडते. काचेखाली लाकूड घट्ट धरावे, दाब हलका ठेवावा आणि पाण्याचे थेंब सोडत राहावे. बरोबर चालले असेल तर दोन लांब, वळलेल्या पांढऱ्या फिती बाहेर येतात, भुगा येत नाही. ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी ८ मिलिमीटरचे भोक घ्यावे, आणि बोल्टचे डोके आत बुडावे म्हणून काचेत शंकूसारखी खाच काढू नये; असे डोके पाचरीसारखे काम करते आणि काच तिथेच चिरते. सपाट बुडाचे डोके आणि रुंद वॉशर वापरावे.

प्रश्न : मी मुंबईचा. आमची जुनी परदेशी बनावटीची बोट मोसमात गेटवेसमोर नांगरलेली असते आणि पावसाळ्यापूर्वी आम्ही ती बाहेर काढतो. तिच्या खिडक्यांना चौकटच नाही. काच केबिनच्या भिंतीवर बाहेरून चिकटवून वर बोल्ट मारले आहेत. आधीच्या मालकाने बाथरूमला लावतात ते सिलिकोन वापरले होते. ते काढून मी तेच नवीन लावले, पण एका मोसमात सुटले. भिंतीवर टिचकी मारली की खिडकीखाली बद्द आवाज येतो. काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रात तीन दुखणी आहेत आणि मी शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण ते सर्वांत महाग आहे. पुष्कळ जुन्या बोटींची भिंत म्हणजे फायबरग्लासचे दोन थर आणि मध्ये हलक्या बाल्सा लाकडाचा किंवा प्लायवूडचा गाभा. खिडकीसाठी भिंत कापली तेव्हा त्या गाभ्याची कड उघडी पडली आणि ती सीलंटच्या भरवशावर सोडली गेली. सीलंट सुटले की पाणी त्या कडेतून खाली झिरपते आणि गाभा कुजतो. बद्द आवाज त्याचाच. काच काढल्यावर कडेतून गाभ्यात खिळा टोचून पाहावा. ओला, काळपट भुसा आला तर कोरडे लाकूड लागेपर्यंत तो काढावा लागेल. भाग लहान असेल तर टोकाला काटकोनात वाकवलेला खिळा ड्रिलला लावून दोन थरांमधला गाभा सगळीकडून निदान १० ते १२ मिलिमीटर आत कोरावा, पोकळी पूर्ण वाळू द्यावी आणि सिलिकाची भुकटी घालून लोण्यासारखे घट्ट केलेले इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारी राळ) दाबून भरावे. वाळल्यावर भिंतीची कड दगडासारखी होते आणि पुढे सीलंट गळले तरी पाणी गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. मऊपणा वीतभर खाली उतरला असेल तर हे काम आपल्या हाताबाहेरचे आहे. चांगल्या फायबरग्लास कारागिराला दाखवावे.

दुसरे दुखणे सिलिकोनचे. जुन्या सिलिकोनवर काहीही चिकटत नाही, नवे सिलिकोनसुद्धा नाही. नुसते सोलून काढल्यावर डोळ्याला न दिसणारा जो थर उरतो तो सर्वांत त्रासदायक. आधी प्लास्टिकच्या पात्याने, मग पॉलिश पेपरने भिंत घासावी, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि मग तिच्यावर पाणी शिंपडून पाहावे. स्वच्छ भागावर पाणी सलग पसरते. जिथे ते अळवाच्या पानावरच्यासारखे थेंब धरून उभे राहते तिथे अजून सिलिकोन आहे. पुन्हा घासावे. शिवाय बाथरूमच्या ज्या सिलिकोनला वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो ते ॲसेटिक आम्ल सोडते आणि धातूला खाते. बोटीला असे सिलिकोन लावू नये. न्यूट्रल जातीचे, म्हणजे वाळताना असे आम्ल न सोडणारे, इमारतींच्या काचेच्या भिंतींसाठी बनवलेले सिलिकोन, उदाहरणार्थ डाऊ कंपनीचे ७९५, अशा खिडक्यांवर बरीच वर्षे वापरात आहे. सिकाफ्लेक्स २९५ यूव्ही हा दुसरा मार्ग आहे, पण तो त्याच कंपनीच्या प्रायमरशिवाय ॲक्रिलिकवर वापरू नये. बोटीच्या बुडाच्या फिटिंगला लावतात ते पॉलिसल्फाइड सीलंट मात्र ॲक्रिलिकला घातक असते. त्याची ट्यूब या कामाच्या आसपासही ठेवू नये.

तिसरे दुखणे बोल्टचे, आणि हे मी स्वतः एकदा ओढवून घेतले आहे. पहिल्यांदा अशी काच बसवली तेव्हा सीलंट भरपूर लावले आणि ते सगळीकडून बाहेर येईपर्यंत बोल्ट आवळले. समाधान वाटले, दिसायलाही छान दिसले. सहा महिन्यांनी काच सुटली, कारण आत उरला होता तो कागदाएवढा थर. काच उन्हात वाढली की भिंतीवरून घसरते आणि ते घसरणे सीलंटच्या जाडीने सोसायचे असते. पाच मिलिमीटर जाड रबर दोन मिलिमीटर सहज वाकते, अर्धा मिलिमीटर जाड रबर तेवढ्याच ओढीने फाटते. आपण सीलंटला डिंक समजतो आणि म्हणून दोन वस्तू जितक्या घट्ट दाबू तितके बरे असे वाटते. बोटीच्या खिडकीत तो डिंक नसून लवचिक बिजागरी आहे. आपल्या खिडकीची लांबी आपण लिहिलेली नाही. मीटरभर असेल तर थर तीन मिलिमीटरहून कमी नसावा, चार-पाच असला तर उत्तम. एवढी जागा राखण्यासाठी कडेने रबराचे लहान तुकडे ठेवावेत किंवा आतल्या कडेने जाड दुहेरी चिकट फोम टेप, उदाहरणार्थ थ्री-एमची व्हीएचबी, लावून तिच्या बाहेर सिलिकोन भरावे. टेप काच धरून ठेवते, सिलिकोन पाणी अडवते. बोल्ट ठेवायचेच असतील तर हाताने आवळावेत आणि सीलंट वाळल्यावर, आठवड्याने, आतून फक्त नट पाव-अर्धा फेरा फिरवावा. बोल्टचे डोके त्या वेळी दुसऱ्याने घट्ट धरून ठेवावे, कारण बोल्ट फिरला तर त्याच्याभोवती जमलेले सीलंट तुटते.

मुंबईच्या उन्हात आणखी एक पथ्य पाळावे. पारदर्शक काचेतून ऊन थेट सीलंटच्या थरावर पडते आणि चिकटलेला पृष्ठभाग आतून जाळत नेते. काचेच्या कडेची जेवढी पट्टी भिंतीवर टेकते तेवढी काळी करून घ्यावी, त्यासाठीचा रंग किंवा प्रायमर सीलंटच्या कंपनीने मान्य केलेलाच घ्यावा. गडद काच घेतली तर केबिनला सावली मिळते, पण काच स्वतः अधिक तापते आणि अधिक वाढते, हा सौदा समजून करावा. ब्यूटिलची पट्टी मी वर इंग्लंडच्या वाचकांना सुचवली. आपल्याकडे उघड्या कडेला ती मे महिन्यात मऊ होऊन ओघळते, म्हणून चौकटीशिवायच्या खिडकीला ती नकोच.

भिंत बाहेरच्या बाजूला वळलेली असेल तर सपाट काच जबरदस्तीने वाकवून बसवताना जपावे. कास्ट ॲक्रिलिक थंड अवस्थेत वाकवण्याची मर्यादा जाडीच्या ३३० पट त्रिज्या अशी धरतात. ८ मिलिमीटरची काच म्हणजे सुमारे २.६ मीटर. भिंतीचे वळण त्याहून तीव्र असेल तर काच गरम करून साच्यावर वळवून घ्यावी. मर्यादेत असली तरी टोके कायम सुटू पाहतात, त्यामुळे नुसत्या टेपवर विसंबू नये, टोकांना बोल्ट ठेवावेत.

कामाची वेळ आपण विचारलेली नाही, पण सांगतो. आपल्याकडे बोट बाहेर काढली की लगेच पावसाची घाई असते आणि काम जूनच्या तोंडावर ढकलले जाते. हवेतली आर्द्रता वाईट नसते, उलट या जातीची सीलंटे हवेतल्या ओलाव्यानेच वाळतात. वाईट असतो तो पृष्ठभागावर जमलेला दमटपणा आणि इपॉक्सी भरण्याआधी न वाळलेला गाभा. म्हणून जून-सप्टेंबरात भोकांवर प्लायवूड ठोकून, आत पंखा लावून भिंत वाळू द्यावी आणि खिडक्या ऑक्टोबर उलटल्यावर, बोट पाण्यात उतरवण्यापूर्वी, दव सुकल्यानंतरच्या सकाळी बसवाव्यात. लाकडी होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून राळ भरणारे कोकणातले कारागीरही लाकूड सुकल्याखेरीज त्याला हात लावत नाहीत.

प्रश्न : आमच्या बोटीच्या लहान खिडक्यांना खरी, कडक केलेली काच आहे. एक फुटली. उरलेल्याही बदलून ॲक्रिलिक बसवावे का? (वाचक, मेलबर्न)

उत्तर : बदलू नये. लहान खिडकीला कडक काच उत्तम असते. ती ओरखडत नाही, उन्हाने पिवळी पडत नाही आणि तापली तरी ॲक्रिलिकच्या सुमारे आठव्या हिश्श्यानेच वाढते. फक्त एकदा कडक केलेली काच पुन्हा कापता किंवा घासता येत नाही, प्रयत्न केला तर तिचा क्षणात भुगा होतो. त्यामुळे माप अचूक देऊन ती तशीच घडवून घ्यावी लागते. फुटलेल्या काचेचे माप आता मिळणार नाही. तिच्या जोडीची दुसऱ्या बाजूची खिडकी उघडून तिचा ठसा जाड पुठ्ठ्यावर घ्यावा, तो उलटा करून फुटलेल्या खिडकीच्या चौकटीत बसवून पाहावा, आणि बसला तर तोच पुठ्ठा काचवाल्याकडे द्यावा, आकडे लिहून देऊ नयेत.